वजनकाट्यावरचं गवत

आमचे घरमालक चहा विकत घ्यायचे आणि प्यायचे नाहीत. लातूरच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर ते दोन-दोन तास बसून राहत. बसायचं तर चहा सांगावा लागतो, म्हणून सांगत, आणि कप आला की शेजारच्या ट्रक ड्रायव्हरपुढे सरकवत. "घ्या, मला चालत न्हाई." स्वतः पिशवीतली भाकरी काढत आणि नांदेडहून नेलेल्या बाटलीतलं पाणी पीत. घरी मात्र त्यांना दिवसाला सहा कप लागायचे. त्यातला सकाळचा पहिला ते खाली आमच्या पायरीवर बसून, बशीत ओतून घेत.

मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "ज्याची पैसेवारी काढायची, सर, त्याचं पाणी घशाखाली उतरू द्यायचं न्हाई. उतरलं की नजर बदलती."

ते निवृत्त तलाठी होते. जुनी माणसं त्यांना अजून पटवारीच म्हणत. पैसेवारी म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलंय त्याचा अंदाज. पन्नासच्या खाली गेली की दुष्काळ. हा आकडा काढायला शेतात जावं लागतं. न जाताही काढता येतो, गेल्या वर्षीचा उचलून थोडा इकडेतिकडे केला की झालं. पण सगळ्या नोकरीत त्यांनी एकदाही असं केलं नाही. चिखलातून, काट्याकुट्यातून प्रत्येक गट पायाखाली घातला. गिरदावर, म्हणजे त्यांचे वरचे साहेब, वैतागत. गावकरीही वैतागत, कारण शेजारच्या गावची पैसेवारी तोवर लागून गेलेली असायची.

'बसून काढलेली' ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी होती. टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज बसून काढलेला. नुसता फोटो पाहून जमवलेलं लग्न बसून काढलेलं. मी वाणिज्य शाखेला शिकवतो, उत्तरपत्रिका भराभर तपासायची मला सवय आहे. गॅलरीतून खाली बघत ते म्हणायचे, "सर, बसून काढून राहिले का?"

मी त्यांच्या तळमजल्यावर अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. हे सगळं मी इतक्या वर्षांनी लिहितोय ते त्यांचं कौतुक करायला नाही. कौतुक करायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही, ते का, हेच सांगायचं आहे.

शेअरबाजाराशी त्यांचा संबंध माझ्यामुळे आला. इंटरनेटवर गुंतवणूकदारांचा एक बोर्ड आहे. तिथे प्रत्येक कंपनीचं एक पान असतं आणि त्याखाली लोक दिवसभर मेसेज टाकत असतात. कोणी खरं नाव लावत नाही. लातूरला सोयाबीनचं तेल काढणारी एक कंपनी होती. तिच्या पानावर मी रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी डोकावत असे. त्या दिवशी तिथे जोरात जुंपली होती. सर्किटराजा नावाचा एक जण सांगत होता की परदेशातून मोठी ऑर्डर आलीय, शेअर दुप्पट होणार. दुसरा सांगत होता की प्लांट अर्धा बंद आहे, पळा. पायरीवर बसलेल्या काकांनी, म्हणजे घरमालकांनी, विचारलं, एवढं काय वाचून राहिले? मी सांगितलं.

"ही माणसं राहतात कुठं?"

"कोणी सुरतला, कोणी इंदूरला, कोणी बेंगळुरूला."

"आन् कारखाना?"

"लातूरला."

त्यांनी बशी खाली ठेवली. "मग यातल्या एकानं जाऊन पाहायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, आणि संध्याकाळी परत. पंच्याहत्तरी उलटलेली, त्यामुळे प्रवास फुकट. तिकिटावर भाड्याच्या जागी शून्य. परत आल्यावर त्यांनी जुन्या पद्धतीची वही उघडली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'ऐकलं'. पाहिलेल्यात होतं: टँकर अकरा गेले, त्यातले चार पाण्याचे, कारण तेलाचा टँकर असा ठिबकत नाही. चिमणीला धूर, पांढरा, पोचताना आणि निघताना, दोन्ही वेळा. ट्रक तोलायच्या वजनकाट्याची लोखंडी पाटी चाकांनी घासून चकचकीत. ऐकलेल्यात: ड्रायव्हर म्हणतो पगार वेळेवर, रखवालदार म्हणतो परदेशी पाहुणे आले होते. ऑर्डरीची गोष्ट ऐकलेल्यात गेली, तीही कंसात. खाली शेरा: पैसेवारी एकसष्ट.

त्यांच्याकडे बटणांचा फोन होता आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. म्हणून बोर्डावर खातं मी काढून दिलं. नाव त्यांनी सुचवलं, 'पाहणी'. ते सांगणार, मी इंग्रजी अक्षरांत लिहिणार, कारण बाकी सगळे तसंच लिहीत. लिहून झालं की मी मोठ्यानं वाचून दाखवायचो. ऐकून ते "सही" म्हणायचे. तीच त्यांची सही. त्यानंतरच मी पाठवायचं. खाली त्या दिवसाच्या तिकिटाचा फोटो, गेल्याचा पुरावा म्हणून.

पहिला मेसेज लिहायच्या आधी त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "तुमच्याकडं हायत का या कंपनीचे शेअर? लेखणी धरणाऱ्याचं शेत त्याच गावात नसावं."

मी म्हणालो, "थोडे होते काका, विकले."

विकले नव्हते. थोडेही नव्हते. बाकीचं सगळं यातूनच आलं, म्हणून हे आधी लिहून ठेवतो.

सुरुवातीला बोर्डावर त्यांची भरपूर टिंगल झाली. शून्य रुपयाचं तिकीट पाहून सर्किटराजानं लिहिलं की अंकलचा रिसर्चही त्याच भावाचा आहे. कोणी म्हणालं, शेअर पाडण्यासाठी पैसे खाल्लेला माणूस आहे. मी वाचून दाखवायचो तेव्हा काका हसत. गावात पैसेवारी लावली की दोन्ही बाजू हेच म्हणायच्या, त्यांना सवय होती. मग अर्धापूरकडची एक केळीचे वेफर्स करणारी कंपनी आली. बोर्डावर तिच्या नव्या युनिटची हवा होती. काका जाऊन आले आणि सांगितलं ते एवढंच: नवी भिंत आहे, भिंतीवर रंगवलेला बोर्ड आहे, मागच्या बाजूनं गेलो, आत शेळ्या आहेत, नऊ. पैसेवारी बावीस. पुढच्या महिन्यात त्या युनिटचं पितळ उघडं पडलं आणि 'पाहणी' या नावाला एकदम वजन आलं. लोक विचारू लागले, अंकल, पुढची फेरी कुठे? सर्किटराजासुद्धा आडून आडून विचारायचा.

अशा लोकांत हदगावच्या एक बाई होत्या. निवृत्त आरोग्यसेविका. त्या बोर्डावर खऱ्या नावानं यायच्या आणि मराठीत लिहायच्या. असं करणाऱ्या त्या एकट्याच. त्यांचा मेसेज आला की काका फोन माझ्या हातातून घेत आणि लांब धरून, एक डोळा मिटून स्वतः वाचत. त्या त्यांना काका म्हणत आणि दर वेळी एकच विचारत: घेऊ का? उत्तरही ठरलेलं: "घ्या, ठिवा हे मी सांगत न्हाई बाई. दिसलं ते सांगतो." एकदा हदगावकडे गेले तेव्हा ते त्यांना भेटूनही आले. तिथे चहा प्यायले, हे मुद्दाम मला येऊन सांगितलं. बाईंची पैसेवारी काढायची नव्हती ना.

मग तो मंगळवार. सोयाच्या कंपनीचा शेअर तीन महिने चढत होता. बोर्डावर रोज नवी आवई, आणि आता तर कोणी मोठा उद्योगपती ती विकत घेतोय अशी. काका दुसऱ्यांदा लातूरला गेले. परत आले तेव्हा चार वाजले असतील, मी नुकताच कॉलेजमधून आलो होतो. पायरीवर बसून, रुमालानं मान पुसत त्यांनी सांगायला सुरुवात केली. फाटक उघडं, रखवालदार बदललेला. टँकर दोन, दोन्ही रिकामे, चाकांखाली दगड लावून उभे. धूर नाही. टपरीवाला दूध अर्ध्यावर आणलंय म्हणाला, ते ऐकलेल्यात घाला.

"आन् वजनकाटा हाय ना, सर. पाटीच्या फटीतून गवत आलंय. चार बोटं." त्यांनी बोटं आडवी धरून दाखवली. "गाडी चढत असती तर गवत उभं राहत न्हाई. एकोणचाळीस लिवा."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सही." तिकीट माझ्या हातात देऊन वर आंघोळीला निघाले. जिन्यावरून विचारलं, "गेलं का?"

मी म्हणालो, "नेट चालत नाही काका. सकाळी टाकतो."

नेट चालत होतं.

माझी सगळी पुंजी त्या एका कंपनीत होती आणि बायकोला ते ठाऊक नव्हतं. एवढंच कारण. याहून बरं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. असल्या लहान शेअरचं असं असतं की वाईट बातमी आली की घेणारा कोणी उरत नाही. लोअर सर्किट लागतं, म्हणजे भाव त्या दिवसाच्या तळाला अडकतो, आणि विकणारे रांगेत बसून राहतात. एकोणचाळीस हा आकडा बोर्डावर गेला असता तर दुसऱ्या दिवशी मी त्या रांगेत असतो. मला घेणारे हवे होते.

बुधवारी सकाळी बाजार उघडायच्या आधी मी 'पाहणी'च्या नावानं लिहिलं: काल जाऊन आलो, सगळं पूर्वीसारखं, पैसेवारी एकसष्ट. तीन महिन्यांपूर्वीचाच आकडा उचलला. खाली तिकिटाचा फोटो लावला तोही तीन महिन्यांपूर्वीचा. नव्या तिकिटाचा फोटो काढायला हात धजला नाही. यात कुठं तरी मला अजूनही लाज होती असं मी स्वतःला सांगत असे. ते खरं नाही. जुना फोटो फोनमध्ये तयार होता, एवढंच. नवं तिकीट मी काकांना परत दिलं. त्यांनी ते वहीत ठेवलं आणि विचारलं, "टाकलं ना?" मी हो म्हणालो.

बुधवारी आणि गुरुवारी मी सगळं विकलं. सोमवारी कंपनीनंच कळवलं की प्लांट बंद आहे. शेअर कोसळला आणि कोसळतच राहिला. बोर्डावर पहिली शिवी अर्ध्या तासात आली. दुपारपर्यंत सर्किटराजानं तिकिटावरची तारीख वाचून काढली आणि तिच्याभोवती लाल वर्तुळ करून फोटो टाकला. काका सकाळी विचारत, काय म्हणून राहिले लोक? मी म्हणायचो, काही विशेष नाही.

रविवारी हदगावच्या बाई आल्या. बसस्टँडवरून रिक्षानं थेट, आणि जिना चढून वर गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. थोड्या वेळानं वरून आवाज आला, सर, चहा सांगता का दोन. काकू नव्हत्या, चार वर्षांपूर्वीच गेलेल्या, त्यामुळे पाहुणा आला की चहा आमच्याकडून जाई. तो मीच घेऊन गेलो. दुसरं कोणी न्यायला नव्हतं असं नाही. मला ऐकायचं होतं, काय बोलतात ते.

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. "काका, पैशाचं मी विचारत नाही. घेतले ते माझ्या हातानं घेतले. तुम्ही घ्या कधी म्हणाला नाहीत. मला एवढंच सांगा, तुम्ही गेला होतात का?"

"गेलो होतो."

"मग तिकीट जुनं कसं?"

त्यांनी फोन पुढे केला. काकांनी तो लांब धरला. लाल वर्तुळ पाहिलं. वरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण एकसष्ट हा आकडा आकड्यात होता. तो त्यांनी बराच वेळ पाहिला. शेजारच्या स्टुलावर पाहणीची वही होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला. आत मंगळवारचं तिकीट होतं, एकोणचाळीस होतं, गवत होतं. वही उघडायला दोन बोटं पुरली असती. मी दारात ट्रे धरून उभा होतो आणि त्या हाताकडे पाहत होतो.

हात वहीवरून निघाला.

"चूक झाली बाई. माझी."

"म्हणजे न जाता लिहिलं?"

ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. "हाव," म्हणाले. "बसून काढली."

बाईंनी पदर सावरला, फोन पर्समध्ये ठेवला. दारातून जाताना त्या मला म्हणाल्या, "सर, यांच्याकडं लक्ष ठेवा. वय झालंय." मी मान हलवली.

काकांचा कप मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला, उठले, गॅलरीत गेले, आणि खाली समोरच्या घराचं बांधकाम चाललं होतं तिथल्या मिस्त्रीला हाक मारली. "चहा घिऊन जा बाबा, मला चालत न्हाई."

त्यानंतर त्यांनी माझ्या घरचा चहा कधी घेतला नाही. पायरीवर यायचं बंद केलं असंही नाही. रोज सकाळी येत, बसत, पेपर मागत, कप हातात घेत आणि जो कोणी दिसेल त्याला देत. कधी दूधवाल्याला, कधी माझ्या बायकोलाच. ती म्हणायची, काकांना आताशा चहा सोसत नाही वाटतं. भाडं त्यांनी वाढवलं नाही, घर सोडा म्हणाले नाहीत, एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो, बहुधा खोटंच.

एक गोष्ट मात्र त्यांनी मागितली. महिन्याभरानं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जावयानं मोठा फोन आणून दिला, आणि हिरवी पट्टी निघाल्यावर ते फोन घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, मला लिवायचं शिकवा. मराठीत."

मी शिकवलं. पंधरा दिवस लागले. त्यांचं बोट जाड होतं, एका अक्षराच्या जागी दुसरं उमटायचं. ते पुसून पुन्हा दाबायचे. जोडाक्षरं नकोत म्हणाले, सोपं सांगा. शेवटच्या दिवशी त्यांनी सोयाच्या कंपनीचं पान उघडायला सांगितलं. तोवर ते ओस पडलं होतं. खात्याचा पासवर्ड मी कागदावर लिहून दिला. मग त्यांनी माझ्या शेजारी बसून, मला विचारत विचारत लिहिलं. 'च' कुठाय? दाखवला. 'झ'? दाखवला. काटा, फट, गवत हे शब्द त्यांनी लिहिलेच नाहीत. तीन शब्द झाले: चूक माझी होती. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, "सही" म्हणाले आणि स्वतः बटण दाबलं. मग पासवर्डचा कागद घडी करून खिशात ठेवला. उत्तर एकच आलं, हसण्याच्या तोंडांची रांग.

एवढं होऊनही मी गप्प राहिलो. पुढच्या वर्षी मी स्वतःचा फ्लॅट घेतला. त्यात त्या बुधवार-गुरुवारचे पैसे आहेत. वास्तूला काका आले, पेढा घेतला आणि रुमालात बांधून नेला.

पुढे ते उदगीरला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. तेराव्यानंतर त्यांची मुलगी नांदेडचं घर आवरायला आली तेव्हा एक वही माझ्याकडे देऊन गेली. वर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, सरांना द्यावी. मला वाटलं होतं, आत माझ्यासाठी काहीतरी लिहिलेलं असेल. तसं काही नव्हतं. नेहमीचीच पानं, मधोमध रेघ. शेवटचं पान त्या मंगळवारचं. खाली चिकटवलेलं तिकीट पुरतं पांढरं पडलंय, मशीनची शाई उडून गेलीय. डाव्या बाजूला, पाहिलं: टँकर दोन, रिकामे. धूर नाही. काट्यात गवत, चार बोटं.

उजव्या बाजूला, ऐकलं, तिथं दोनच नोंदी. टपरीवाला म्हणतो, दूध अर्धं. आणि तिच्याखाली: सर म्हणतात, नेट नाही.

म्हणजे त्याच दिवशी, आंघोळीहून आल्यावर, त्यांनी माझं बोलणं आवयांच्या रकान्यात टाकून दिलं होतं. तरी सकाळी विचारलं, टाकलं ना. आणि मी हो म्हटल्यावर गप्प राहिले. रविवारी वहीवरून हात काढला तो हे सगळं माहीत असूनच. त्यांनी मला का वाचवलं, हे मी सांगू शकत नाही. मला वाचवलं की नाही, हेही नाही.

वही मिळाल्यावर आठ दिवसांनी मी एसटीनं हदगावला गेलो. बाईंचं घर विचारत विचारत सापडलं. त्या आता थोड्या वाकल्यात. मी वही समोर ठेवली आणि सगळं सांगितलं, इथं लिहिलंय त्याच क्रमानं, शेअर विकले नव्हते इथपासून. शेवटचं पान त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात पाण्याचा तांब्या होता. तो माझ्यापुढे ठेवला नाही, स्वतःच थोडं पाणी प्यायल्या.

"काकांना मी त्या दिवशी काय म्हणाले, आठवतं?"

"वय झालंय, म्हणालात."

"ते मी त्यांच्या घरात म्हणाले, त्यांना ऐकू जाईल असं." त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "मला सांगून काय करून राहिले, सर? त्यांचं नाव जिथं गेलं, तिथं लिवा."

मी परतीच्या गाडीत बसून ते पान शोधलं. ती कंपनी आता बाजारात नाही, पण पान आहे. सगळ्यात वर अजून त्यांचे तीन शब्द, आणि त्याखाली ती हसणारी तोंडं. मी माझ्या खऱ्या नावानं नवं खातं काढलं आणि मराठीत लिहिलं: ते गेले होते. त्यांनी गवत पाहिलं होतं, पैसेवारी एकोणचाळीस सांगितली होती. एकसष्ट मी लिहिली, घरात बसून. खाली माझ्या सकाळच्या तिकिटाचा फोटो लावला. नांदेड ते हदगाव, पूर्ण भाडं. पाठवण्याआधी ते एकदा मोठ्यानं वाचलं. शेजारचा माणूस वळून बघायला लागला. वाचून झाल्यावर काकांसारखं "सही" म्हणायला गेलो, पण ते तोंडातून निघालं नाही. नुसतंच बटण दाबलं.